चांदोली जरूर करा, पण वाघासाठी नको

"एकट्याने चांदोलीला गेलो तर वाघ दिसेल का?" असं एकाने विचारलंय. खरं सांगू, आशा ठेवू नका. २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० पासून कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, पण झाडी दाट आणि वाघ मोजकेच. गवे, शेकरू दिसले तरी दिवस सार्थकी. गाडीभाडं एकट्याला जड जातं, गेटवर कुणी जोडीदार मिळतो का बघा. पावसाळ्यात बंद.

मी सावंतवाडीचा, त्यामुळे माझी एकट्याची जागा आंबोली. (राष्ट्रीय उद्यान नाही, पण सह्याद्री तोच.) जुलैतली रात्र, सोबत गावातला वाटाड्या. डबक्यावर वाकलेल्या फांदीला मुठीएवढा पांढरा फेस. मला वाटलं कुणी साबण सांडला! ते निघालं मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं फेसातून थेट खालच्या पाण्यात टपकतात. बघता बघता लक्षात आलं, शेजारच्याच फांदीवर हिरवा चापडा, म्हणजे विषारी साप, पानासारखा निपचित. माझा हात तिथून वीतभर. तेव्हापासून फांदीला धरून चढणं बंद.

आणि हो, जळवांसाठी तंबाखूची पुडी ठेवा. मीठ पावसात विरघळून जातं.