मार्चमध्ये नागपूर: सत्तरीतले बाबा, जंगलवेडा नवरा आणि मी. काय बघावं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. होळी झाली की मी, नवरा आणि बाबा असे तिघं सांगलीहून नागपूरला येतोय. मावसबहिणीकडे प्रतापनगरला मुक्काम, शनिवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. रघुजी भोसले, आप्पासाहेब, सीताबर्डीची लढाई हे सगळं पोरांना जन्मभर शिकवलं, पण नागपूर काही बघितलेलं नाही. सपाटीवर चालतात, पायऱ्यांना मात्र गुडघे नाही म्हणतात. नवऱ्याला वाघ हवाय. मला फुललेला पळस बघायचाय आणि नीट खायचंय. इकडे सगळे घाबरवतायत की मार्चमध्ये नागपूर म्हणजे भट्टी. खरंच का? आणि सीताबर्डीचा किल्ला कोणत्या वेळेत बघायचा?

बडकसचौकी:
ताई, भट्टी मे महिन्यात. मार्चात दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास, महिनाअखेरीस चाळिशीला टेकतो. पण सकाळ अजून मऊ असते आणि संध्याकाळी वारा सुटतो. तेव्हा सात ते अकरा बाहेर, मग जेवण आणि झोप, साडेचारनंतर पुन्हा बाहेर. हे पाळलंत तर काही होत नाही. पावणे लोक दुपारी बारा वाजता झिरो माइलला उभे राहून फोटो काढतात आणि मग नागपूरला नावं ठेवतात.

किल्ल्याचं बाबांना आधीच सांगून ठेवा. तो लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच आत सोडतात. मार्चात फक्त बाहेरून. पण लढाई समजायला बाहेरूनच बरं, कारण २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला झुंज झाली ती तिथल्या दोन टेकड्यांसाठी. टेकडी गणपतीला जा, देऊळ त्याच टेकडीच्या पायथ्याशी आहे. तिथे उभं राहिलं की कंपनीची फौज वर आणि आप्पासाहेबांची माणसं खालून चढणारी, हे बाबांना पोरांपेक्षा लवकर दिसेल.

खरं जुनं नागपूर मात्र महाल या भागात. गावाचे लोकच पावण्यांना फुटाळा तलाव आणि मॉल दाखवून परत पाठवतात, याचा मला भारी राग आहे. रविवारी सकाळी लवकर गांधी गेटपासून सुरू करा. पूर्वीचा जुम्मा दरवाजा तो हाच. तिथून चिटणीस पार्क, भोसल्यांचा वाडा, रुक्मिणी मंदिराचं दगडी कोरीवकाम, मग बडकस चौक. सगळं सपाट. रविवारी दुकानं उशिरा उघडतात, तोवर गल्ल्या चालण्याजोग्या असतात. दहानंतर गाड्यांची अशी खिचडी होते की बाबांना हात धरून न्यावं लागेल.

लिंबूसरबत:
बडकसभाऊ, इतवारी विसरले काय? आणि चितार ओळी? मूर्ती घडवणाऱ्यांची ओळ आहे ती. ताई, मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनला चितार ओळी चौक नावाचं स्टेशनच आहे. प्रतापनगरहून ऑटोनं सुभाषनगर स्टेशन, तिथून थेट. स्टेशनांवर लिफ्ट आहे, गुडघ्यांचा प्रश्न नाही. सीताबर्डीला दोन्ही लाइनी भेटतात, म्हणून अर्धं शहर मेट्रोनंच होते.

मारबतीची मिरवणूक मात्र आता दिसणार नाही बरं. ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. काही लोक मार्चात येऊन विचारून राहिले होते, म्हणून सांगितलं.

सातपुडा_पायथा:
पळसासाठी शहरात शोधू नका. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत रामटेक, मनसर, देवलापार हा जबलपूर रस्त्याचा पट्टा बघा. पानं गळालेली आणि झाडभर नुसतं केशरी. होळीनंतर लगेच या. गुढीपाडवा जवळ आला की निम्मा सडा खाली पडलेला असतो. त्याच सुमारास मोह गळायला लागतो, म्हणजे एक गेलं तरी दुसरं आहेच. काटेसावरही असते. कुसुमाची कोवळी पानं तांबडी लाल निघतात. लांबून लोकांना तीही फुलंच वाटतात.

सोमवार रामटेकला द्या. अंतर पन्नासेक किलोमीटर. गाडी गडावर देवळाजवळपर्यंत जाते, शेवटच्या थोड्या पायऱ्या उरतात. बाबांना त्या नको असतील तर वाटेवरचं केवल नरसिंह मंदिर बघू द्या. वाकाटककाळातलं, पाचव्या शतकातलं आहे. आत शिलालेख आहे, आणि मूर्ती अशी ठसठशीत बसलेली की बोलायची खोटी. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथल्या वाकाटकांची राणी, हे इतिहासाच्या शिक्षकांना मी काय सांगू. तिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे जवळचं नगरधन. तिथला आजचा किल्ला नंतरचा. मनसरच्या उत्खननातल्या विटांच्या रचना जातायेता होतात. भोसल्यांचं नागपूर बघायला आलेला माणूस तेराशे वर्षं मागं जाऊन परत येतो. पिशवीत खायला काही ठेवू नका, माकडं झडप घालतात.

कृष्णाकाठ:
बाबांना हे वाचून दाखवलं. केवल नरसिंह म्हटल्यावर चष्मा काढून बसले. आता वाघाचं सांगा. ताडोबा एका दिवसात होईल का?

लिंबूसरबत:
होईल, पण काहून करता? तिथल्या मोहर्ली गेटला जायलाच तीन तास, म्हणजे पहाटे अडीचला निघायचं. त्यातून मंगळवारी ताडोबा बंद.

ताडोबावाला:
एकदम विरोध. इतक्या लांबून येताय आणि ताडोबा नाही? बाबांना घरी ठेवा, तुम्ही दोघं रविवारी रात्री जाऊन मुक्काम करा, सोमवार सकाळची सफारी घ्या. मात्र बुकिंग आत्ताच बघा, शनिवार-रविवार केव्हाच भरलेले असतात.

सातपुडा_पायथा:
आणि बाबांचा सोमवार? रामटेक कोण दाखवणार? ताडोबाला वाघ जास्त दिसतो हे मान्य. पण चार दिवसांत एक रात्र तिकडे गेली की उरलं काय? उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य साठेक किलोमीटरवर, नाहीतर पेंचला सिल्लारी किंवा चोरबाहुलीचं गेट. पेंचमध्ये वाघाची खात्री कमी, पण मार्चातलं जंगल तिथलं बघावं: उघडं पडलेलं, भुताच्या झाडाची पांढरी खोडं दुरून दिसणारी. रात्रीचं आकाशही. २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून त्याला मान मिळाला. दादांना सांगा, वाघ बघायचाच असेल तर पाणवठे आटल्यावर, एप्रिल-मेमध्ये एकटे या.

बडकसचौकी:
मंगळवारी शहर घ्या. अजब बंगला सोमवारी बंद असतो, म्हणूनही. १८६३ चं संग्रहालय. शिलालेख, शस्त्रं, आदिवासी दालन. उन्हाच्या वेळेला उत्तम. संध्याकाळी दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती जागा, स्तूपाच्या घुमटाखाली उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो. अंगणातल्या बोधिवृक्षाखाली बाबांना निवांत बसता येईल. वेळ उरला तर चिचोलीचं शांतिवन; बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथे आहेत. आमच्याकडे येणारे फार थोडे तिकडे जातात, हे मला पटत नाही.

लिंबूसरबत:
खाण्याचं कोणीच बोलून नाही राहिलं बाप्पा!

सकाळी तर्रीपोहे. पोह्यांवर चण्याची लाल तर्री, वरून कांदा आणि लिंबू. तर्री आधी वेगळी मागा, चव बघा, मग ओता. सांभारवडी म्हणजे कोथिंबिरीची. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, इडलीबरोबरचं सांबार समजू नका. घरी मावसबहिणीला गोळाभात करायला लावा, वरून हिंगाचं तेल. हॉटेलात तो धड मिळत नाही.

सावजी खायचंच असेल तर दुपारी नको. उन्हात तो रस्सा, मग पंखाही पुरत नाही. रात्री जा, बाबांना सुकं द्या.

संत्री मार्चात असतात बरं का! हिवाळ्यातला आंबिया बहार संपतो आणि मृगाचा माल येतो. साल थोडी सुटलेली, हाताला जड लागेल ते फळ घ्या. चकचकीत दिसतं म्हणून घेऊ नका. परत नेताना पेटी घेणार असाल तर थोडी कच्चटच घ्या, सांगलीपर्यंत टिकतील. बर्फी शेवटच्या दिवशी.

कृष्णाकाठ:
ठरलं असं: रविवार सकाळी महाल आणि टेकडी गणपती, सोमवार रामटेक-मनसर, मंगळवारी अजब बंगला आणि दीक्षाभूमी. नवऱ्यानं मंगळवारचं उमरेड पहाटेसाठी धरलंय, तो एकटाच जाईल. एकच राहिलं: सोमवारी रामटेकला निघायचं किती वाजता? बाबांचा चहा साडेसहाला.

सातपुडा_पायथा:
चहा थर्मासमध्ये भरा आणि सहाला निघा. मनसर फाट्याच्या अलीकडे टपऱ्या उघडतात, दुसरा चहा तिथे घेता येईल. खिंडसी तलाव परतताना घ्या, पण अकराच्या आत.

बडकसचौकी:
आणि बाबांना टोपी द्या. आमच्याकडे दुपट्टा बांधतात, इतवारीत स्वस्तात मिळेल.