गुगलला वर्ड-एक्सेल घालवायचं होतं ना, मग ते अजून गेलं का नाही?

हिशोबी_माणूस
नमस्कार मंडळी. आमचं छोटं सीए ऑफिस आहे, नऊ जण. सरांनी ठरवलंय की यंदा एमएस ऑफिसची लायसन्स घ्यायची नाहीत, सगळं गुगल शीट्सवर न्यायचं. आता मला कळत नाही की ज्या कंपनीचा पैसा जाहिरातीतून येतो तिला हे वर्ड-एक्सेलचं झंझट हवंच कशाला होतं, तेही फुकटात? आणि इतकी वर्षं झाली तरी क्लायंटकडून एक्सेलचीच फाइल का येते?

रात्रपाळी_कोडर
कशाला म्हणजे, दुसऱ्याच्या वाड्यात भाडेकरू म्हणून राहायचं नव्हतं. विंडोज मायक्रोसॉफ्टचं, ऑफिस त्यांचं, आणि तेव्हा बहुतेकांचा ब्राउझरही त्यांचाच. माणूस दिवसभर वर्डमध्ये बसला तर गुगलकडे येणार कधी? म्हणून कामच ब्राउझरमध्ये ओढायचं. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, १ जीबी जागा, हॉटमेल तेव्हा २ एमबी द्यायचं त्यामुळे कित्येकांना एप्रिल फूलच वाटलं. मग मार्च २००६ मध्ये रायटली म्हणजे ब्राउझरमध्येच लिहायचा प्रोग्राम, तो बनवणारी कंपनी विकत घेतली, तिचंच पुढे डॉक्स झालं. पण तेव्हाच्या ब्राउझरात जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत चालतात ती, अशी रखडत चालायची की जरा मोठी फाइल उघडली की सगळं ठप्प, म्हणून सप्टेंबर २००८ मध्ये स्वतःचा ब्राउझरच काढला, क्रोम. जावास्क्रिप्ट झपाट्याने चालवणारं व्ही८ इंजिन, प्रत्येक टॅबची प्रोसेस शक्यतो वेगळी, एक टॅब झोपला तरी बाकीचे चालू. आपण म्हणत होतो वा काय फास्ट आहे, ते आपली जमीन नांगरत होते.

गंमत म्हणजे डॉक्ससारखं सगळं ज्यावर चालतं, ती पान रिफ्रेश न करता सर्व्हरशी बोलायची युक्ती मायक्रोसॉफ्टच्याच लोकांनी आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी काढली आणि १९९९ ला त्यांच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ब्राउझरमधून सगळ्यांच्या हातात आली :)

जुना_डीटीपीवाला
एवढं पण कौतुक नको हां. नेट गेलं की काय? २००७ ला गुगलने गिअर्स नावाची ब्राउझरची जोडणी आणली, नेटशिवाय ऑफलाइन चालेल म्हणाले, २०१० ला डॉक्समधलं ऑफलाइन काढून टाकलं, परत आलं २०१२ ला. मधली दोन वर्षं लोकांनी काय करायचं? क्रोममधून चालणाऱ्या क्रोम अ‍ॅप्सचंही तेच, २०१३ ला डेस्कटॉपवर चालणारी म्हणून गाजावाजा आणि २०१६ ला विंडोज-मॅकवर बंद करतोय म्हणून जाहीर. मी अजून लग्नपत्रिका पेजमेकर या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्येच करतो, श्रीलिपीच्या फॉन्टात. तो मजकूर डॉक्समध्ये पेस्ट करून बघा, ष्ट्ठ काय आणि जोडाक्षर काय, नुसता चिवडा होतो.

शीटवाली_ताई
दादा, चिवड्यात गुगलचा दोष नाही, तुमचा फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतातला नाही. कन्व्हर्टरमधून काढा आधी.

हिशोबी, फुकट आहे ते घरगुती खातं. कंपनीच्या डोमेनवर पैसे मोजावे लागतात, २००७ मध्येच माणशी वर्षाला ५० डॉलरची पेड आवृत्ती काढली होती त्यांनी, तर सरांना आधी तो हिशोब मांडायला सांगा. आणि एक्सेल का गेलं नाही तर एक्सेलच्या एका शीटला १०,४८,५७६ ओळी बसतात, गुगल शीट्सला अख्ख्या फाइलमध्ये मिळून १ कोटी सेल. २० कॉलम असले की ५ लाख ओळींत खेळ खल्लास, आणि खरं तर त्याच्या खूप आधीच ब्राउझर धापा टाकायला लागतो. पण चार जणांनी एकाच शीटमध्ये एकाच वेळी आकडे भरायचे असतील तर मी शीट्सच घेईन, डोळे मिटून. त्याच दणक्याने मायक्रोसॉफ्टही हलली ना, २०१० ला ऑफिस वेबवर आणलं, २०११ ला ऑफिस ३६५ काढून दर महिन्याचं भाडं सुरू. एक्सेल राहिलं, विकायची पद्धत मात्र गुगलसारखी झाली.

तुमच्याकडे मॅक्रो, म्हणजे एका बटणावर काम करणारे छोटे प्रोग्राम, आहेत का? एक्सेलचे मॅक्रो ज्या भाषेत असतात ती व्हीबीए शीट्समध्ये चालत नाही, सगळं गुगलच्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावं लागतं.

हिशोबी_माणूस
आहेत ना ताई, बँक रिकन्सिलिएशनचा, म्हणजे बँकेच्या नोंदी आपल्या वहीशी जुळवायचा एक आहे, २०१४ ला आर्टिकलशिप म्हणजे सीएची उमेदवारी करणाऱ्या एका पोराने लिहिलेला, तो पोरगा आता दुबईत. आतलं कोणालाच कळत नाही, फक्त बटण दाबतो आम्ही. सरांना विचारून एक लायसन्स तरी ठेवायला लावतो.