दा नांगचं चाम संग्रहालय आधी पाहावं की मी सोन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये बाबांना घेऊन व्हिएतनामला जातेय. बाबा ७४ वर्षांचे, शाळेत संस्कृत शिकवायचे. २०२० साली ‘मी सोन’ या दा नांगजवळच्या प्राचीन देवळांच्या जागी आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं, त्या बातमीचं कात्रण त्यांनी जपून ठेवलंय. तेव्हापासून चंपा राज्याचा, म्हणजे मध्य व्हिएतनाममधल्या चाम लोकांच्या जुन्या राज्याचा, ध्यासच घेतलाय त्यांनी. तिथल्या भद्रवर्मन राजाने चौथ्या शतकाच्या अखेरीस मी सोनला महादेवाची स्थापना केली आणि स्वतःच्या नावावरून देवाला भद्रेश्वर म्हटलं, हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

दा नांगमध्ये आमच्याकडे दोनच दिवस आहेत. मी सोनला विटांची देवळं आहेत, पण तिथली बरीच शिल्पं फ्रेंच काळात, १९१९ला उघडलेल्या दा नांगच्या चाम संग्रहालयात आणलेली आहेत. सातव्या शतकातलं ते प्रसिद्ध पीठही इथेच आहे, ज्यावर तपस्वी कोरलेत, कुणी वाद्य वाजवतोय, कुणी शिकवतोय. भाऊ म्हणतो, आधी जागा बघा, मग मूर्ती. मला उलट वाटतं. १९६९च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात मी सोनचं सगळ्यात भव्य देऊळच कोसळलं. मूर्ती डोळ्यांत साठवून गेलो तर रिकामे गाभारे बाबांना रिकामे वाटणार नाहीत. ज्यांनी दोन्ही पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

दुसरं म्हणजे चंपाचे शिलालेख. भाषा संस्कृत असली तरी लिपी दक्षिण भारतीय ब्राह्मीच्या वळणाची, म्हणजे बाबांना थेट वाचता येणार नाही. शिळेशेजारी रोमन लिप्यंतर लावलेलं असतं का? असल्यास मी आधीच देवनागरीत उतरवून देईन. त्यांना शिलालेखातला श्लोक त्या दगडासमोर उभं राहून म्हणायचाय, बाकी कशाचाही हट्ट नाही. कुणाकडे स्पष्ट फोटो असेल तर फार उपकार होतील.

१९७८ साली डोंग दुओंग या चंपाच्या बौद्ध स्थळी मिळालेली तारा देवीची ब्राँझ मूर्ती संग्रहालयाच्या दालनात मूळ ठेवतात की प्रतिकृती, हेही कळलं तर बरं.

बाबांचे गुडघे दुखतात. मी सोनच्या दारापासून बॅटरीची गाडी मिळते असं कळलं, पण ती सोडते तिथून देवळांपर्यंत चालणं किती? चढ आहे का? संग्रहालयात मधे टेकायला बाकं आहेत का?

हॉटेल पुढच्या आठवड्यात नक्की करायचंय, तोवर सांगितलंत तर दोन्ही दिवसांची आखणी करता येईल.