रि: कासेनप्रुफुंगची (मंडळाच्या हिशेबतपासणीची) फाईल – मेलिंग लिस्टवर टाकू का?

खजिनदार:

नमस्कार मंडळी,
मिटग्लीडरफरजामलुंग (सभासदांची सभा) पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी दोन्ही कासेनप्रुफरांना (हिशेब तपासनीसांना) वर्षाचा हिशेब पाठवायचाय. फोल्डरमध्ये सभासदांची एक्सेल आहे (पत्ते, सेपा लास्टश्रिफ्टसाठी, म्हणजे खात्यातून परस्पर वर्गणी घ्यायला, आयबान हे बँक खाते क्रमांक, बालशाळेतल्या मुलांच्या जन्मतारखा), बँकेची स्टेटमेंट्स आणि गणपतीच्या पावत्यांचे स्कॅन. झिप केलं तरी ६० एमबीच राहतंय, मग झिप करून झालं काय? एक्सेलला शीट प्रोटेक्ट लावलंय त्यामुळे तसं सेफ आहे. लिस्टवरच टाकू का, कमिटीला पण एकदमच मिळेल?

एक सभासद:

ताई, लिस्टवर नको, प्लीज!! लिस्टचं अर्काइव्ह कधीच कोणी साफ करत नाही, म्हणजे उद्या एखादा मंडळ सोडून दुसऱ्या शहरात गेला तरी सगळ्यांचे आयबान त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहणार. आणि जीडीपीआर (युरोपचा खासगी माहिती जपण्याचा कायदा) २५ मे २०१८ पासून लागू आहे, तो आपल्यासारख्या चिमुकल्या फेराइनलाही (नोंदणीकृत मंडळालाही) सोडत नाही. फाईल फक्त दोघा तपासनीसांना, कमिटीला एकूण जमाखर्चाचं एक पान पुरे.

आता शीट प्रोटेक्ट. ते कुलूप नाहीये हो, चुकून कोणी फॉर्म्युला खोडू नये म्हणून आहे ते. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची फाईल, ही मुळात झिपच असते, नावाच्या शेवटी डॉट झिप लावून उघडली की आत एक्सएमएलच्या (साध्या मजकुराच्या) फाईली दिसतात, त्यातला प्रोटेक्शनचा एक टॅग खोडला की संपलं. खरं कुलूप हवं तर फाईल – इन्फो – प्रोटेक्ट वर्कबुक – एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. ते वेगळं, ते खरंच एन्क्रिप्ट करतं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही असं करतं.

साइज कमी होत नाही कारण तुमचे स्कॅन म्हणजे पीडीएफमध्ये बसवलेले जेपेग फोटो, आणि जेपेग आधीच दाबलेला असतो. पिळलेलं धुणं परत पिळून किती पाणी निघणार! स्कॅनरवरच ६०० डीपीआय (स्कॅनचा बारीकपणा) कलरचं १५० किंवा २०० ग्रे करा, किराणाच्या पावतीला रंग कशाला हवाय. आणि मेलला २५ एमबीची मर्यादा असते असं म्हणतात तिथेही गोम आहे, मेलमध्ये अटॅचमेंट जाताना ३ बाइटचे ४ होतात, त्यामुळे १८ एमबीच्या वर गेलात की परत आलीच समजा.

पॅक करायला सेव्हन-झिप हा प्रोग्रॅम घ्या, फुकट आहे, फक्त शेवटी डॉट ऑर्ग असलेल्या त्यांच्या स्वतःच्याच साइटवरून घ्या. फोल्डरवर राइट क्लिक, ॲड टू अर्काइव्ह, आणि फॉरमॅट सेव्हन-झेड निवडा. झिप निवडलंत तर खाली एन्क्रिप्शन मेथडमध्ये आपोआप झिपक्रिप्टो हे जुनं कुलूप येतं, ते १९९४ सालीच फोडून दाखवलंय लोकांनी, तिथे एईएस-२५६ हे पक्कं कुलूप हाताने निवडावं लागतं. शिवाय झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फाईलींची नावं कोणालाही दिसतात. आपल्याकडे फोल्डरमध्ये "फी माफ – नोकरी गेली – अमुक कुटुंब" अशा नावाच्या फाईली असतात, म्हणजे फाईल न उघडताच गावभर झालं की. सेव्हन-झेडमध्ये "एन्क्रिप्ट फाईल नेम्स" ची टिक आहे, ती विसरू नका.

तपासनीस:

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? व्हॉट्सॅपवर टाका, एंड-टू-एंड आहे ना ते. आणि मी मॅकवर आहे, तुमचं ते सेव्हन-झेड माझ्याकडे उघडतं का? गेल्या वर्षीच्या झिपमध्ये सगळ्या मराठी नावांच्या जागी नुसती चिन्हं आली होती, कुठली पावती कुठली काही पत्ता लागेना.

एक सभासद:

काका, व्हॉट्सॅपचा रस्ता ठीक आहे हो, पण पोचल्यावर फाईल फोनमध्ये उघडीच बसते, आणि तो फोन नातवंडांच्या हातात असतो. पॅक केलेली फाईल व्हॉट्सॅपने पाठवा की मेलने, मग फरक नाही.

मॅकवर केका नावाचा प्रोग्रॅम टाका, त्यात उघडेल. चिन्हांचं कारण म्हणजे झिप जुना, १९८९ चा, त्याला तेव्हा देवनागरी माहीतच नव्हती, युनिकोडची (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणारी) सोय नंतर आली आणि सगळे प्रोग्रॅम ती पाळतात असं नाही. सेव्हन-झेडमध्ये नावं युनिकोडमध्येच असतात. (तरी फाईलींची नावं रोमनमध्ये ठेवलेली बरी, हे माझं मत.)

पासवर्ड पण रोमनमध्येच. देवनागरीत "ऱ" एका कोडनेही येतो आणि र अधिक नुक्ता अशा दोन कोडनेही, दिसायला सेम, पासवर्ड म्हणून वेगळे. मंडळाचं नाव आणि साल नको, ते तर पोस्टरवर छापतो आपण! एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या.

दुसरा सभासद:

जीपीजी हा एन्क्रिप्शनचा प्रोग्रॅम वापरा ना. दोघांच्या पब्लिक की (ज्याने कुलूप लावता येतं पण उघडता येत नाही) घ्यायच्या, पासवर्ड पाठवायचा प्रश्नच मिटतो.

एक सभासद:

तत्त्वतः बरोबर. पण वर्षातून एकदा पाठवायच्या फाईलसाठी दोघांना की बनवायला आणि सांभाळायला शिकवायचं, तोवर पुढचा गणपती येईल. ताई, पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका म्हणजे झालं, आणि "पासवर्ड पुढच्या मेलमध्ये" हेही नको, दोन्ही एकाच इनबॉक्समध्ये पडतात. फोन करून सांगा. आणि कागदावर लिहून मंडळाच्या फायलीत ठेवा, कारण इथे "फरगॉट पासवर्ड" नाही, हरवला की फाईल गेली.

खजिनदार:

केलं. ग्रे स्कॅनने ११ एमबीवर आली! फक्त दोघांना पाठवली आहे. काका, फोनवर सांगितलेला पासवर्ड टाकताना शो पासवर्डची टिक लावा, तुमचा कीबोर्ड जर्मन आहे, वाय आणि झेडची अदलाबदल होते आणि नुसत्या ठिपक्यांत कळत नाही.

तपासनीस:

उघडली, नावं पण नीट दिसतात. स्टेटमेंटमध्ये हॉलचं भाडं गेलेलं दिसतंय पण त्याची रेश्नुंग (बिल) फोल्डरमध्ये नाही, ती तेवढी पाठवा.