शब्दचर्चा : ‘मल्टी-प्लॅटफॉर्म मिस्टरी’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : जपानी गेमांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. ‘मल्टी-प्लॅटफॉर्म मिस्टरी’ला ‘बहुमंचीय रहस्य’ लिहिलं, तर नवरा म्हणाला, आघाडी सरकारवर आहे का लेख? उदाहरण ‘हिगुराशी नो नाकु कोरो नि’ या भयरहस्य गेमचं आहे. आधी कॉम्प्युटरवर, मग मांगा (जपानी कॉमिक), अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन), प्लेस्टेशन. सरळ ‘रूपांतर’ म्हणून मोकळी होऊ का?

प्रतिसाद १ : ताई, ‘मंच’ काढाच. पण ‘रूपांतर’ही पुरणार नाही. एका यंत्रावरचा गेम दुसऱ्या यंत्रावर आला तर ती ‘आवृत्ती’. गेमची मांगा झाली तर ते ‘माध्यमांतर’. सिनेमावर लिहिणारे हा शब्द वापरतातच. अर्थात ‘हिगुराशी’चीच २००७ची प्लेस्टेशन २वरची आवृत्ती, ‘मात्सुरी’ घ्या. मूळ ‘हिगुराशी’त वाचकाला निवडायला काहीच नव्हतं, नुसतं क्लिक करत वाचत जायचं. ‘मात्सुरी’त पर्याय आले. म्हणजे ‘सुधारून वाढवलेली आवृत्ती’ म्हणा हवं तर.

खरी गंमत २०२०च्या अ‍ॅनिमेची. जुन्याच मालिकेचा नवा अवतार समजून लोक बघायला बसले, आणि दुसऱ्या भागात नाव उघड झालं, ‘हिगुराशी नो नाकु कोरो नि गो’. गोष्ट नवीच होती! जुनी ठाऊक असलेलेच जास्त फसले. इथे आधीचं माध्यमच रहस्याचा भाग होतं, त्याला ‘रूपांतर’ कसं म्हणणार? आणि हे ‘गो’ म्हणजे बौद्ध परिभाषेतलं आपलं ‘कर्म’.

जपानी लोक या सगळ्या पसाऱ्याला ‘मीडिया मिक्स’ म्हणतात. मी ‘बहुमाध्यमी रहस्यकथा’ लिहीन.

प्रतिसाद २ : ‘रहस्यकथा’ ठीक, ‘हेरकथा’ नको. जपानीत आधी ‘तांतेइ शोसेत्सु’ म्हणत, म्हणजे गुप्तहेराची कादंबरी. १९४६च्या सरकारी अक्षरयादीत ‘तेइ’चं अक्षरच नव्हतं, मग ‘सुइरी शोसेत्सु’ रुळलं. ‘सुइरी’ म्हणजे तर्काने अनुमान काढणं. एक अक्षर गळलं आणि हेर जाऊन तर्क आला!

‘हिगुराशी’ला तर तर्कच शोभतो. २००२ ते २००६ मध्ये मूळ गेमचे आठ भाग आले. पहिले चार ‘शुत्सुदाइ-हेन’, पुढचे चार ‘काइतो-हेन’. ‘शुत्सुदाइ’ हा परीक्षेतला शब्द, आपण ‘पेपर काढला’ म्हणतो तसा. लेखकाने चार भागांत पेपर काढायचा, वाचकांनी डोकं खाजवायचं, मग उत्तरं यायची. म्हणून ‘पूर्वार्ध-उत्तरार्ध’ लिहू नका, ‘प्रश्नखंड’ आणि ‘उत्तरखंड’ लिहा.

प्रश्नकर्ती : वा, ‘प्रश्नखंड’ घेतलाच. आता नावाचं सांगा. ‘रातकिडे रडतात तेव्हा’ चालेल?

प्रतिसाद २ : हिगुराशी म्हणजे रातकिडा नव्हे. हा झाडावरचा सिकाडा नावाचा किडा, तिन्हीसांजेला ‘काना काना काना’ करणारा. आणि ‘नाकु’ म्हणजे पाखरा-किड्यांचं ओरडणं, तसंच माणसाचं रडणंही. चित्रलिपीत दोन्हींची अक्षरं वेगळी, पण इथे ते मुद्दाम ध्वनिलिपीत लिहिलंय, शिवाय त्यातला ‘ना’ लाल रंगात. कोण ओरडतंय आणि कोण रडतंय ते कळू द्यायचंच नाही.

प्रतिसाद ३ : मग ‘किरकिरणे’ घ्या ना! किडेही किरकिरतात आणि तान्हं बाळही.

प्रश्नकर्ती : दादा, सुचलंय झकास. पण ‘किरकिर’ म्हटलं की मला दात येणारं बाळ दिसतं, ही गोष्ट घडते ते जून १९८३मधलं हिनामिझावा गाव नाही. भीती पार पळून जाते. मूळ नावच ठेवते आणि ‘नाकु’वर एक तळटीप देते.

प्रतिसाद ३ : तळटिपेत ‘किरकिर’ टाका तेवढी.