परदेशात असताना बंद पडलेला प्रीपेड नंबर परत मिळवता येतो का? मदत हवी आहे

नमस्कार. मी सहा वर्षांपासून जर्मनीत, उल्मला राहते. आई साताऱ्यात असते, वय ७६. तिच्याकडे दिवसभर एक मावशी येतात, त्यांचा पगार माझ्या एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं भारतातलं रुपयांचं खातं) दर महिन्याच्या ५ तारखेला जातो. गेल्या वर्षी बँकेला पगार आपोआप पाठवायची बारा महिन्यांची सूचना देऊन ठेवली होती, ती ऑक्टोबरच्या पगारासोबत संपली. परवा नव्याने द्यायला बसले आणि ओटीपी येईना.

माझा भारतातला नंबर २००७ पासूनचा, माझ्याच नावावर, प्रीपेड. त्याचं सिम एका जुन्या फोनमध्ये असतं आणि तो फोन फक्त ओटीपीपुरता. जुलैच्या शेवटी आम्ही घर बदललं. चार्जर एका खोक्यात गेला, फोन दुसऱ्या. १९ जुलैला शेवटचा ओटीपी आला होता, २० जुलैला पॅक संपला. नंतर ते खोकं मी उघडलंच नाही. आता फोन चार्ज करून लावला तर वरच्या कोपऱ्यात 'नो सर्व्हिस'. इथून रिचार्ज करून पाहिला, मामेभावाने साताऱ्याहून करून पाहिला, दोन्हीकडे 'हा क्रमांक वैध नाही'. आईने तिच्या फोनवरून लावला तर 'आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही'. ती बिचारी घाबरली. तिला तो नंबर तोंडपाठ आहे, शिवाय भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर दरवर्षी ती तो मोठ्या आकड्यांत उतरवून ठेवते.

बँक, आधार, आयकराचं पोर्टल, व्हॉट्सअ‍ॅप, सगळीकडे हाच नंबर आहे. नोव्हेंबरचा पगार मामेभावाने रोख दिला, पण दर महिन्याला त्याला कसं सांगणार?

विचारायचं ते असं. नंबर परत मिळण्याची आशा आहे का? तो दुसऱ्या कुणाला दिला जाईल का, आणि कधी? मी लगेच निघू शकत नाही, रजा १८ जानेवारीपासून आहे. मामेभाऊ माझ्या वतीने काही करू शकेल का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद, पुणे

ताई, मी आठ वर्षं सिमकार्डाच्या कामात होतो, म्हणून नियम सांगतो. ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, २०१३ पासूनचा नियम असा की प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तरच कंपनीला तो बंद करता येतो. वापर म्हणजे आलेला-गेलेला फोन, पाठवलेला एसएमएस, डेटा, यातलं काहीही. ९० दिवस झाले तेव्हा खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवस वाढतात, पुढेही शिल्लक आहे तोवर तसंच. शिल्लक नसेल तर नंबर बंद होतो, पण त्यानंतर १५ दिवसांची सवलत असते. तेवढ्यात ठरलेली रक्कम भरली की तोच नंबर पुन्हा चालू होतो.

आता तुमचा हिशेब. शेवटचा वापर फार तर १९ जुलैचा धरू. ९० दिवस १७ ऑक्टोबरला भरले, सवलतीचे १५ दिवस १ नोव्हेंबरला. आज १२ नोव्हेंबर. म्हणजे हक्काने मागायची मुदत गेली. वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवणार नाही.

दिलासा एवढाच की असा बंद केलेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देता येत नाही. ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हेच सांगितलं होतं. १ नोव्हेंबरपासून धरलं तर ३० जानेवारी. या काळात कंपनी मूळ मालकाला नंबर परत देऊ शकते, पण द्यायलाच हवा असा नियम नाही. केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, माणूस समोर लागतो, फोटो तिथेच काढतात, त्यामुळे मामेभावाच्या हातात फारसं काही नाही. तरी त्याला कंपनीच्या मोठ्या गॅलरीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या सेवा केंद्रात पाठवा, कोपऱ्यावरच्या दुकानात नको. नंबर कुठल्या तारखेला बंद झाला ते विचारायला लावा आणि तक्रार क्रमांक घ्या. तक्रारीचं उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

प्रतिसाद, दोहा

माझ्या भावाचा नंबर असाच गेला होता, त्याला परत मिळाला नाही. पण त्याच्या मागे लागून त्याने बँकेचं काम दोन महिने लांबवलं, ती चूक तुम्ही करू नका. नंबरचं काय व्हायचं ते होवो, बँकेचं काम आजच सुरू करा.

एनआरओ खात्याला परदेशातला नंबर जोडता येतो. शाखेत जाण्याची सक्ती नसते. नंबर बदलाचा अर्ज, पासपोर्ट आणि तिथल्या राहण्याच्या परवान्याची प्रत साक्षांकित करून कुरिअरने पाठवायची. साक्षांकन कुणाचं चालतं ते बँकेच्या एनआरआय विभागाला ईमेलवर विचारून घ्या, साधारण भारतीय दूतावास किंवा तिथला नोटरी. यूपीआयचं मात्र धरून चालू नका. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने परदेशी नंबरांना परवानगी दिली तेव्हा दहा देश होते, आमचं कतार त्यात होतं, जर्मनी नव्हतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅप! ते अजून चालू असेल तर आज रात्रीच सेटिंगमधून 'नंबर बदला' करून जर्मन नंबर टाका. त्याला जुन्या नंबरवर ओटीपी लागत नाही, नव्यावर लागतो. तो नंबर उद्या कुणाच्या हातात गेला आणि त्याने त्यावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करून तुमच्या आईला मेसेज केला तर तिला वाटेल तुम्हीच आहात.

प्रतिसाद, नाशिक

आयकराची काळजी करू नका, विवरणपत्राची पडताळणी नेटबँकिंगमधून होते, आधारचा ओटीपीच हवा असं नाही. आधारला परदेशी नंबर जोडता येत नाही. आईचा नंबर जोडता येतो, एकच नंबर घरातल्या अनेकांच्या आधारला चालतो. पुढच्या वेळी सिम आईच्याच फोनमध्ये दुसऱ्या खणात ठेवा, ती ओटीपी वाचून दाखवेल. माझे सासरे अमेरिकेतल्या मुलासाठी असंच करतात.

धागा लिहिणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हॉट्सअ‍ॅप काल रात्रीच बदललं. अजून चालू होतं. लगेच आईला व्हिडिओ कॉल करून सांगितलं की जुन्या नंबरवरून काही आलं तर ती मी नाही. तिने मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

नाशिकच्या ताई, सुचवलंत ते प्रेमाने, पण आईच्या फोनमध्ये सिम ठेवायला माझं मन तयार नाही. गेली दोन वर्षं मी तिला एकच गोष्ट घोकवते आहे: फोनवर कुणालाही, अगदी कुणालाही, आकडे वाचून दाखवायचे नाहीत. मीच तिला दर महिन्याला आकडे वाचायला लावले तर उद्या 'तुमच्या मुलीच्या बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही ती वाचून दाखवेल. ओटीपी माझ्याच हातात यायला हवा.

मामेभाऊ १५ तारखेला गॅलरीत जाऊन आला. तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं. नंबर २ नोव्हेंबरला कायमचा बंद झाला आहे, अजून कुणाला दिलेला नाही, मालकीणबाई स्वतः आल्या तर विनंती वर पाठवू, शब्द देत नाही, एवढं बोलली. तक्रार क्रमांक मिळाला. बाहेर पडल्यावर शेजारच्या दुकानदाराने त्याला गाठलं, 'दोन हजार द्या, आधारची प्रत द्या, उद्या नंबर चालू.' मामेभावाने मला फोन केला, मी नको म्हटलं. बरोबर केलं ना?

प्रतिसाद, पुणे

शंभर टक्के बरोबर. आधारची प्रत हातात पडली की तिच्यावर कुणाच्या नावाने काय निघेल सांगता येत नाही. आणि बँकेचं लवकर करा म्हणतात त्याला अजून एक कारण आहे. कायमच्या बंद झालेल्या नंबरांची यादी दूरसंचार विभाग काढतो. त्या यादीवरून आपल्याकडची माहिती ताजी ठेवा असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे. बँकेने तुमचा नंबर आधीच काढून टाकला असेल तर निदान तो नव्या मालकाकडे जाऊन धोका होणार नाही, पण तुमचेही ओटीपी थांबले ते थांबलेच.

धागा लिहिणारी, ३ डिसेंबर

बँकेचं झालं. म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन कागद साक्षांकित केले, सकाळी सहाची गाडी धरली होती. अर्ज पाठवल्यावर अकराव्या दिवशी बँकेचा फोन जर्मन नंबरवर आला, जन्मतारीख आणि शेवटचे तीन व्यवहार विचारले, आणि संध्याकाळी पहिला ओटीपी याच नंबरवर आला. सहा आकडे स्क्रीनवर दिसले तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. पुढच्या बारा महिन्यांची सूचना तेव्हाच देऊन टाकली. ५ तारखेचा पगार वेळेवर जाईल.

आता उरलं आधार आणि तो नंबर. १९ जानेवारीला साताऱ्यात असेन, २ नोव्हेंबरपासूनचे ९० दिवस ३१ जानेवारीला संपतात. गॅलरीत जाताना काय काय न्यावं? पुरते दोन आठवडेही नाहीत, एक फेरीही फुकट जायला नको.

प्रतिसाद, पुणे

मूळ आधार, मूळ पासपोर्ट, जुनं सिम, तक्रार क्रमांक, आणि जुन्या रिचार्जच्या पावत्या ईमेलमध्ये असतील तर त्या छापून. नंबर तुमच्याच नावावर होता हे जितकं दाखवता येईल तितकं बरं. १९ लाच जा, जेट लॅग गेला की जाऊ असं करू नका. आणखी एक, सिम बदलून मिळालं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवतात, फसवणूक टाळायला. ओटीपी आला नाही म्हणून घाबरू नका. आधार केंद्राची वेळ दोन दिवस सोडून घ्या. नंबर नाहीच मिळाला तर त्याच खिडकीवर स्वतःच्या नावाने नवीन सिम घ्या आणि तोच आधारला जोडा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल-एसएमएसचे पॅक द्यायला सांगितलं आणि मुदतीची मर्यादा ३६५ दिवसांवर नेली, तसा वर्षाचा पॅक मागा.

धागा लिहिणारी

लिहून घेतलं, कागद फाइलमध्ये लावते आहे. आईने कालनिर्णयच्या मागे जुन्या नंबराखाली जर्मन नंबर लिहिला आहे, +४९ सकट. जुना खोडू का म्हणून विचारत होती. जानेवारीपर्यंत राहू दे म्हटलं.