अनुभव धागा: मागावरचा पहिला तुकडा

चौकटीच्या मागावर लोकरीची चित्रं विणायला लागून मला दोन वर्षं झाली. आमच्या गावात शिकवणारं कुणी नाही, त्यामुळे सगळी धडपड एकटीची. तुम्ही सुरुवात कशी केलीत? मजा कधी यायला लागली? फसलेले तुकडे आधी सांगा. घ्या, माझ्यापासूनच.

सुताराकडून ४० बाय ५० सेंटिमीटरची चौकट करून आणली. खिळे एका रेषेत ठोकले, लाकूड चिरलं. दुसऱ्या चौकटीला खालीवर अशा दोन ओळींत ठोकले. ताणा, म्हणजे उभे धागे, छान लागला. आडवा धागा मात्र दर ओळीला खेचून बसवत गेले. वीतभर विणून बघते तर डमरू! वर २० सेंटिमीटर, मधे जेमतेम १६. या विणीत उभे धागे पूर्ण झाकले जातात, आडव्याला प्रत्येकाभोवती वळसा घ्यायचा असतो, म्हणजे लांबी जास्त हवी. ती द्यायची कशी, तर धागा सरळ न टाकता कमानीसारखा सैल टाकायचा आणि जेवणाच्या काट्याने खाली ठोकायचा. ही कमान हाताला जमली त्या रात्री मी दीड वाजेपर्यंत उठले नाही.

हर्णैहून
घरात जाळ्याचं नायलॉन पडलेलं, तोच ताणा केला. लोकर त्यावर ठरेना. त्यात नायलॉन ताणलं जातं, खिळ्यांवरून काढल्याबरोबर सगळं आकसलं. आजोबा म्हणाले, "जाळा माशांसाठी असतो, भिंतीसाठी नाय." आता ताण्याला पिळाचा सुती दोरा. जाळं विणायची सुई मात्र धोटा म्हणून, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे न्यायला, फर्मास चालते, लोकर भरा आणि सुटा.

वेंगुर्ल्याहून
मी चित्रातल्या वाळूच्या जागी लोकरीऐवजी काथ्याचा सुंभ घातला. बोटं सोलवटली. आई बघून म्हणाली, "म्हशीचा दावा भिंतीर टांगतलस काय?" टांगलाय.

दापोलीहून
मला होडी विणायची होती. डोलकाठी उभी, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंना रंग बदलतो तिथे प्रत्येक रंगाचा धागा माघारी वळतो आणि मधे लांबलचक फट. सुईने शिवली, तर ओबडधोबड दिसायला लागली. मग आईची पैठणी काढली. पदर उलटा केला, तर मागूनही मोर तसाच! तिथे शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवत विणलेले असतात, म्हणून फट नाही. मी तसं करून पाहिलं, पण माझ्या जाड लोकरीत त्या जागी उंचवटा आला.

शेवटी कागदावरचं चित्रच आडवं केलं. होडी कुशीवर, डोलकाठी आडवी, म्हणजे चार ओळी सरळ विणल्या की काठी तयार! महिनाभर घरी येणारा प्रत्येक जण मान वाकडी करून विचारायचा, "ही बुडतेय का?"